'तारे जमीं पर' पाहिल्यानंतर: अडखळणाऱ्या मुलाची वही कशी वाचावी

'तारे जमीं पर' या चित्रपटात चित्रकलेचे शिक्षक निकुंभ सर डिस्लेक्सिया (बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे अवघड जाणे) असलेल्या ईशान अवस्थीच्या मुंबईतील घरी जातात आणि त्याच्या जुन्या वह्या चाळतात. २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील गाणी, ईशानच्या भूमिकेतील दर्शील सफारीचा चेहरा आणि वसतिगृहातील त्याचे एकटेपण आपल्या सर्वांच्या लक्षात राहिले आहे; परंतु शिक्षकांनी आणि पालकांनी पुन्हा पुन्हा पाहावा असा प्रसंग माझ्या मते हा वह्यांचा आहे. त्या वह्या आईने पाहिलेल्या होत्या, वडिलांनी पाहिलेल्या होत्या आणि आधीच्या शाळेतील शिक्षकांनी तपासलेल्याही होत्या. त्या सर्वांनी चुका मोजल्या होत्या. चुका वाचल्या, त्या एकमेकींशेजारी ठेवून त्यांच्यातील सारखेपणा शोधला, तो मात्र निकुंभ सरांनी.

हे काम शिकता येते. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पेन्सिल, कोरा कागद आणि अर्ध्या तासाची शांतता पुरते. चित्रपटातील बहुतेक उदाहरणे इंग्रजी अक्षरांची असल्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेत तो दाखवला की "आमच्या मुलांचे असे उलटसुलट होत नाही" असे हमखास ऐकू येते. ते खरे नाही. देवनागरीत ही अडचण वेगळ्या रूपाने दिसते, एवढेच. ते रूप ओळखावे कसे आणि ओळखल्यावर दुसऱ्या दिवसापासून काय करावे, हे प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी येथे मांडले आहे.

चित्रपट दाखवताना

चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे, त्यामुळे पालकसभेत तो पूर्ण दाखवणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. गुणाकाराच्या परीक्षेचा प्रसंग, वह्यांचा प्रसंग आणि वाळूत अक्षरे गिरवण्याचा व पायऱ्यांवर गणित करण्याचा भाग, एवढे निवडून घ्यावे. गुणाकाराच्या प्रसंगात तीन गुणिले नऊ हे उदाहरण सोडवताना ईशानच्या मनात तिसरा ग्रह पृथ्वी नवव्या ग्रहावर, म्हणजे प्लूटोवर, जाऊन आदळतो आणि तो उत्तर लिहितो तीन. येथे चित्रफीत थांबवून पालकांना विचारावे की हा मुलगा त्या वेळात नेमके काय करत होता. "लक्ष नव्हते" हे उत्तर आधी येते. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते की तो तर सगळ्यांपेक्षा जास्त विचार करत होता. ते वाक्य पालकांमधूनच यायला हवे, म्हणून आपण थांबावे.

वह्यांच्या प्रसंगात वडील मुलाला आळशी ठरवतात, तेव्हा निकुंभ सर त्यांच्या हाती अनोळखी लिपीतील मजकूर छापलेला खोका देऊन तो वाचायला सांगतात. हाच अनुभव आपल्याकडे अधिक नेमकेपणाने देता येतो, कारण आपल्याकडे मोडी आहे. मोडीतील एखाद्या जुन्या कागदाची प्रत काढून प्रत्येक पालकाला द्यावी आणि एका मिनिटात पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगावे; मध्येच "नीट बघा", "एवढे सोपे आहे", "शेजारच्यांना येते आहे" असे म्हणत राहावे. मजकूर मराठीच असतो आणि शब्दही कदाचित रोजचेच असतात, तरीही शिरोरेषेखाली सलग धावणाऱ्या त्या वळणांतून एकही अक्षर सुटे होऊन बाहेर येत नाही. भाषा येते आणि तरीही लिपी उघडत नाही, ही अवस्था परक्या भाषेच्या कागदापेक्षा मोडीच्या कागदावर फार चांगली कळते. मिनिट संपल्यावर सभेत जी शांतता पसरते, तिच्यानंतर मला फारसे बोलावे लागत नाही.

मुलांना चित्रपट दाखवणार असाल, तर एक काळजी अवश्य घ्यावी: वर्गातील एखाद्या विशिष्ट मुलाला डोळ्यांसमोर ठेवून तो दाखवू नये. मी एकदा ही चूक केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुले वर्गातील एकाला "ए ईशान" म्हणून हाक मारू लागली आणि ते मूल आठवडाभर माझ्याकडे मान वर करून पाहत नव्हते. चित्रपटातील शिक्षकही वर्गासमोर थोरामोठ्यांची उदाहरणे सांगतात, पण त्या मुलाशी स्वतःबद्दल बोलतात ते एकांतात. आपणही तेवढे पथ्य पाळावे.

वही वाचताना

एकाच आठवड्यातील तीन प्रकारचे लेखन जवळ घ्यावे: फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवलेले अनुलेखन, ऐकून लिहिलेले श्रुतलेखन आणि मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेल्या चार-पाच ओळी. लाल शाईचा पेन बाजूला ठेवावा. कोऱ्या कागदावर मधोमध एक रेघ मारून डाव्या बाजूला अपेक्षित शब्द आणि उजव्या बाजूला मुलाने लिहिलेला शब्द जसाच्या तसा उतरवावा. उतरवताना आपला हात आपोआप शुद्ध लिहू लागतो, म्हणून हे सावकाश करावे.

एक नमुना पाहू. तिसरीच्या वर्गात श्रुतलेखनाला वाक्य दिले होते: "किसनने घरासमोर भोपळ्याचा वेल लावला." मुलाने लिहिले: "कसिनने धरामसोर मोपळाचा वले लवाला." पाच शब्द आणि पाचही चुकलेले, म्हणजे नेहमीच्या तपासणीत शून्य. आता तेच वाक्य वाचावे. 'किसनने' या शब्दातील वेलांटी गळलेली नाही. ती एक घर पुढे सरकली आहे. 'घ'चा 'ध' झाला आणि 'भ'चा 'म' झाला, म्हणजे दिसायला जवळच्या अक्षरांत गोंधळ आहे. 'समोर' मधील स आणि म यांनी जागा बदलल्या आहेत. 'वेल' मधील मात्रा आणि 'लावला' मधील काना आपापल्या अक्षरावरून उठून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले आहेत. 'ळ्या' हे जोडाक्षर सुटून 'ळा' उरला. मुलाने ऐकले नाही असे येथे कोठेही दिसत नाही. जवळजवळ सगळे ध्वनी पानावर हजर आहेत, फक्त त्यांची रूपे आणि जागा हलल्या आहेत. ज्याचे लक्षच नव्हते, त्याच्या वाक्यात शब्द गळतात, वाक्य अर्धे राहते. या मुलाने जिवापाड लक्ष दिलेले आहे.

अशा नोंदी झाल्या की चुकांचे गट आपोआप पडू लागतात. दिसण्यातील साम्यामुळे होणारे गोंधळ प्रामुख्याने घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष या जोड्यांत आढळतात. ऐकण्यातील साम्यामुळे क-ख, त-थ, ट-ठ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या सरमिसळ होतात. तिसरा गट जागेचा आहे आणि तो देवनागरीचे खास वैशिष्ट्य म्हणावा असा आहे: 'कि' म्हणताना आधी क उच्चारला जातो आणि मग इ, पण लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, 'सूर्य' म्हणताना र आधी आणि य नंतर, पण रफार जाऊन बसतो य च्या डोक्यावर. ज्या मुलाला ध्वनींचा क्रम धरून ठेवणे मुळातच अवघड जाते, त्याच्यासाठी लिपीने घातलेले हे कोडे दुहेरी होते. शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत बोलका गट म्हणजे एकाच पानावर एकच शब्द तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकणे. जे मूल 'शाळा' हा शब्द दर वेळी 'साळा' असा लिहिते, त्याचा काहीतरी नियम पक्का झालेला आहे. जे मूल तो कधी 'शळा', कधी 'शाल', कधी 'ळाशा' लिहिते, त्याच्यासाठी तो शब्द प्रत्येक वेळी नवा असतो.

काय मोजू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठी माणसेही करतात, त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे किंवा अंक उलटे काढणे नेहमीचेच आहे. घरी 'पानी' म्हणणारे मूल वहीत 'पानी' लिहिते, तेव्हा ते आपली बोली लिहीत असते. ज्याची घरची भाषा गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली आहे, ते मूल एकाच वेळी भाषा आणि लिपी अशा दोन गोष्टी शिकत असते. ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर गावाबाहेर पडलेल्या आणि उन्हाळ्यात परतलेल्या मुलाला वाचता येत नाही, कारण त्याला कोणी शिकवलेलेच नाही. या मुलांना मदत हवीच आहे, पण तिला डिस्लेक्सियाचे नाव देऊन आपली जबाबदारी झटकू नये. दृष्टी आणि ऐकणे यांची तपासणी तर सर्वांत आधी करून घ्यावी.

मग एक साधी चाचणी उरते. त्याच धड्यावरचे प्रश्न मुलाला तोंडी विचारावेत. तोंडी उत्तरे भराभर, नीट विचार केलेली येत असतील आणि लेखी पान वर दाखवल्यासारखे असेल, आणि ही दरी नियमित शिकवूनही महिनोन्महिने टिकत असेल, तर पुढची पावले उचलण्याची वेळ आली आहे.

अंकांची वही याच पद्धतीने वाचावी. देवनागरीतील ३ आणि ६ ही एकमेकांची जवळजवळ आरशातील प्रतिबिंबे आहेत. शिवाय मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहिते. 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' या धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानावे मुलांना जड जातात, अशी गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका होती. सर्व मुलांसाठी काय योग्य याविषयी मतभेद असू शकतात. अडखळणाऱ्या मुलासाठी मात्र आधी 'वीस पाच' म्हणून लिहिणे आणि मग 'पंचवीस' म्हणणे निश्चितपणे उपयोगी पडते, आणि ते मी कोणालाही न विचारता करतो.

धूळपाटीकडे परत

चित्रपटात निकुंभ सर वाळूत अक्षरे गिरवून घेतात, मातीचे आकार करवून घेतात, फळ्यावर मोठ्या चौकटी आखून त्या हळूहळू लहान करत नेतात आणि बेरीज-वजाबाकीसाठी मुलाला पायऱ्या चढवतात-उतरवतात. डोळे, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही पद्धत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पायाभूत स्वरूपात मांडली आणि जगभर तिच्या अनेक शाखा झाल्या. आपल्याकडे धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. ती गेली आणि तिच्याबरोबर बोटाला अक्षराचा स्पर्शही गेला.

परातीत बारीक वाळू किंवा रवा पसरावा. एका वेळी एकच अक्षर घ्यावे. मुलाने तर्जनी आणि मधले बोट मिळून ते काढावे आणि काढता काढता त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावा. हात आणि आवाज एकत्र संपायला हवेत. गोंधळ होणाऱ्या जोडीतील दोन्ही अक्षरे एकाच आठवड्यात घेऊ नयेत. फरक समजावा म्हणून घ आणि ध शेजारी शेजारी शिकवण्याचा मोह आपल्याला होतो, आणि नेमका त्यामुळेच गोंधळ पक्का होतो. घ अगदी विनासायास येऊ लागला की पंधरा दिवसांनी ध काढावा.

तो काढताना एक खूण द्यावी. ध, भ आणि थ या तिन्ही अक्षरांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, तर घ, म आणि य यांची सलग असते. ही एक खूण तीन जोड्या सोडवते. अडचण अशी की आपण मुलांना आधी पूर्ण शब्द लिहून शेवटी त्यावर एक लांब रेघ ओढायला शिकवतो; त्या रेघेखाली ही फट बुजते आणि मुलाच्या स्वतःच्याच वहीत ध आणि घ एकसारखे दिसू लागतात. अशा मुलाने निदान वर्षभर प्रत्येक अक्षराची रेघ त्या अक्षराबरोबरच काढावी. अक्षर थोडे वाकडेतिकडे दिसेल. दिसू द्यावे.

काना, मात्रा आणि वेलांटी यांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापून घ्यावेत, अक्षरांचे एका रंगाचे आणि स्वरचिन्हांचे दुसऱ्या रंगाचे. मुलाने आधी 'क' म्हणून क ठेवावा, मग 'इ' म्हणून वेलांटीचा तुकडा हातात घ्यावा आणि तो क च्या आधी नेऊन ठेवावा. नंतर उच्चारलेले आधी ठेवायचे, हा प्रवास हाताने प्रत्यक्ष केला की तो लक्षात राहतो. रफाराचेही तसेच. वाचनाआधी पाच मिनिटे कागद-पेन्सिलीशिवाय ध्वनींचे खेळ घ्यावेत: 'भोपळा' टाळ्यांवर तोडून म्हणणे, किंवा 'कमळ' मधला क काढला तर काय उरते, असे विचारणे. या अडचणीचे मूळ बहुतांशी ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात आहे. ईशानला अक्षरे नाचताना दिसतात, ते पडद्यावरचे प्रभावी चित्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना तसे दिसत नाही, आणि म्हणून निव्वळ चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने ही अडचण जात नाही.

हे सर्व रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, ठरलेल्या वेळी करावे. रविवारी सलग दोन तास बसवण्याने केवळ दोघांचीही चिडचिड होते. वर्गात प्रकट वाचन घ्यायचे असेल, तर उद्या कोणता परिच्छेद येणार हे त्या मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे तो घरी कोणाबरोबर तरी चार वेळा वाचून येईल.

चित्रपटाकडून काय घेऊ नये

चित्रपटाला कथा अडीच-पावणेतीन तासांत संपवायची असते, म्हणून तेथे काही महिन्यांत मूल वाचू लागते आणि चित्रकलेच्या स्पर्धेत पहिले येते. प्रत्यक्षात हे काम वर्षांचे आहे, आणि वाचनाचा वेग पुढेही इतरांपेक्षा कमी राहू शकतो. त्याहून महत्त्वाचे असे की प्रत्येक अशा मुलात चित्रकार दडलेला नसतो. "मग याच्यात काय विशेष आहे?" असे विचारणारे पालक मला भेटतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नामागची आशा कळते आणि वाईटही वाटते. ज्याला चित्र काढता येत नाही, गाता येत नाही, धावण्यात नंबर येत नाही, अशा साध्या मुलालाही नीट वाचायला शिकवले जाण्याचा तेवढाच हक्क आहे.

आणखी एक प्रसंग आपण सहसा विसरतो: निकुंभ सर मुख्याध्यापकांकडे जाऊन या मुलासाठी वेळ आणि तोंडी परीक्षेची सवलत मागतात. त्यात अश्रू नाहीत, गाणे नाही, पण त्या परवानगीशिवाय पुढचे काहीच घडले नसते. महाराष्ट्रात ही परवानगी एखाद्या मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेली नाही. राज्य शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली, त्यांत जादा वेळ आणि लेखनिक यांचा समावेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशी मुले लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी या कायद्याने शैक्षणिक संस्थांवरही टाकलेली आहे.

या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी डोळे व कान यांची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी आणि विशेष शिक्षकाकडून शैक्षणिक चाचणी अशा पायऱ्या असतात. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत ही सोय आहे. इतर ठिकाणच्या पालकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशीला सुरुवात करावी. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरावा. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात मराठीचाही समावेश आहे. निश्चित निदान साधारणपणे आठ वर्षांच्या, म्हणजे तिसरीच्या, सुमारास होते, परंतु वाळूची परात पहिलीत आणायला कोणाच्या सहीची गरज नाही. सर्वांत वाईट म्हणजे दहावीच्या वर्षी जागे होणे. तेव्हा सवलत कदाचित मिळते, पण दहा वर्षांत मुलाने स्वतःला 'ढ' म्हणून घेण्याची केलेली सवय जात नाही.

चाचणीला जाताना मुलाला सांगून न्यावे. "डॉक्टरकाका नुसते गप्पा मारणार आहेत" असे खोटे सांगू नये. "तुला वाचताना त्रास होतो, ते तू मुद्दाम करत नाहीस हे आम्हाला कळले आहे, तुला कसे शिकवले तर सोपे जाईल ते विचारायला आपण जात आहोत," एवढे त्याला पुरते. अनेक मुले हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो असा: "म्हणजे मी वेडा नाही ना?" त्याचे उत्तर हसून टाळू नये, त्याच्याकडे पाहून स्पष्टपणे "नाही" म्हणावे.

आणि सुरुवातीचे ते पान जपून ठेवावे. त्यावर तारीख घालून ते पाकिटात ठेवावे, दर महिन्याच्या शेवटी तेच वाक्य पुन्हा श्रुतलेखनाला द्यावे आणि ते पानही त्याच पाकिटात टाकावे. तीन-चार महिन्यांनी पहिले आणि शेवटचे पान मुलासमोर शेजारी शेजारी ठेवून काय बदलले ते त्यालाच शोधायला सांगावे. वर दिलेल्या नमुन्यातील मुलाने चौथ्या महिन्यात लिहिले होते: "किसनने घरासमोर भोपळाचा वेल लावला." त्याने दोन्ही कागदांवरून बोट फिरवले, 'कि' वर थांबला, मग 'घ' वर, आणि 'भोपळाचा' पाशी येऊन म्हणाला, "सर, हे अजून राहिले आहे." जोडाक्षरांचे तुकडे आम्ही दुसऱ्या दिवशी कापायला घेतले.